आजी दिवसभर काय करते?

मंडळी, हा धडा इंग्रजी बोलण्याचा आहे. घाबरू नका. या धड्यात इंग्रजी अक्षर एकही नाही. इंग्रजी शब्द आपल्याच अक्षरांत लिहिले आहेत. तुम्ही मराठी वाचायला शिकलात, तेवढे या धड्याला पुरे. फक्त एक करायचे. इंग्रजी वाक्य आले की ते मोठ्याने वाचायचे. मनातल्या मनात वाचून बोलणे येत नाही. घरातले हसले तर हसू द्यावे.

हा धडा कसा सुरू झाला ते आधी सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हणतो. त्यांचा मुलगा नोकरीसाठी लंडनला असतो. सून तिकडेच वाढलेली. नात आठ वर्षांची आहे. नातीला मराठी बोलता येत नाही. 'आजी' एवढा शब्द मात्र ती अगदी स्वच्छ म्हणते. दर रविवारी मोबाइलवर दोघींना एकमेकींची तोंडे दिसतात. दोघी हसतात, हात हलवतात. बोलणे काही होत नाही.

एका रविवारी नातीने विचारले, "आजी, व्हॉट डू यू डू ऑल डे?"

आक्कांना कळले नाही. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. मुलगा घाईत होता. त्याने परस्पर सांगून टाकले, "नथिंग. शी इज ॲट होम."

दुसऱ्या दिवशी आक्का वर्गात सगळ्यांच्या आधी आल्या. वही उघडली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, नथिंग म्हंजी काय वो?"

मी म्हणालो, "काही नाही."

"आन् शी इज ॲट होम?"

"ती घरी असते."

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पोरीनं इचारलं, आजी दिवसभर काय करती. आन् ह्यानं सांगितलं, काय करत न्हाई, घरीच असती. आसंच ना?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "हो आक्का, तसंच."

"बरं," आक्का म्हणाल्या, "मग माझं मला सांगायला शिकवा."

त्या दिवशी हिशेबाचा धडा होता. तो राहिला. सारा वर्ग आक्कांचा दिवस इंग्रजीत मांडायला बसला. पुढचे आठ दिवस हेच चालले.

मुलाला एकट्याला दोष द्यायला नको. आपणही असेच बोलतो. घरी आलेला पाहुणा विचारतो, "घरच्या बाई काय करतात?" आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असतात." आणि त्याच वेळी बाई आत त्या पाहुण्याचा चहा करत असतात.

पहिले वाक्य

मी आक्कांना विचारले, "सकाळी किती वाजता उठता?"

"पाचला."

"मग म्हणा, आय गेट अप ॲट फाइव्ह."

आय म्हणजे मी. गेट अप म्हणजे उठणे. फाइव्ह म्हणजे पाच. ॲट फाइव्ह म्हणजे पाच वाजता.

आता दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा.

मी पाच वाजता उठते.
आय गेट अप ॲट फाइव्ह.

मराठीत काम शेवटी सांगतात. मी, मग पाच वाजता, मग उठते. इंग्रजीत माणसाचे नाव निघाले की लगेच काम सांगायचे. वेळ, जागा, बाकीचे सगळे त्याच्या मागून. हे फार अवघड नाही. बोलताना आपणही कधी कधी असेच बोलतो. "मी उठते पाचला, जाते रानात." हीच इंग्रजीची चाल आहे असे समजा.

आणखी एक उलटे आहे. आपण 'पाच वाजता' म्हणतो. पाच आधी, वाजता मागून. इंग्रजीत ॲट आधी, फाइव्ह मागून. 'रानात' म्हणताना आपण 'त' शेवटी जोडतो. इंग्रजीत 'इन' हा शब्द आधी येतो. शेपूट होते ते तोंडाकडे गेले, एवढेच.

वर्गात एक तात्या आहेत. ते मागे बसून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "आक्कांनी गेट अप म्हणायचं. मग आमी गड्यांनी काय म्हणायचं?"

प्रश्न चांगला होता. मराठीत बाई 'उठते' म्हणते आणि पुरुष 'उठतो' म्हणतो. इंग्रजीत हा भेद नाही. आक्का म्हणतील, आय गेट अप. तात्याही म्हणतील, आय गेट अप. तेवढी तरी सोय आहे.

तात्या म्हणाले, "पर माझं पाचचं काय खरं न्हाई. पंपाला लाइट रात्रीची असली म्हंजी तीनलाबी उठावं लागतं. लाइट येईल तवा उठायचं."

त्यांना मी हे वाक्य दिले: आय गेट अप व्हेन द पॉवर कम्स. म्हणजे वीज येते तेव्हा मी उठतो. तात्यांनी ते दहा वेळा म्हटले. आता गावात कोणी "राम राम तात्या" म्हणाले तरी ते हेच वाक्य ऐकवतात.

रोजचे काम आणि आत्ताचे काम

येथे जरा थांबा. ही जागा चुकण्याची आहे. पुष्कळ शिकलेले लोकही येथे चुकतात.

वर्गातला एक तरुण कारखान्यात काम करून आला आहे. त्याला थोडे इंग्रजी येते. तो म्हणाला, "गुरुजी, आमचे साहेब तर म्हणायचे, आय ॲम गेटिंग अप ॲट फाइव्ह डेली."

असे बोलणे कानावर पुष्कळ येते. पण रोजच्या कामासाठी ते बरोबर नाही. 'आय ॲम गेटिंग अप' म्हणजे 'मी उठत आहे'. म्हणजे आत्ता, या घटकेला, वाकळ बाजूला सारून उठत आहे. 'आय गेट अप' म्हणजे 'मी उठते', रोजचा नेम आहे.

हा फरक मराठीत आहे. तो तुम्हांला लहानपणापासून येतो. फक्त कधी ध्यानात घेतला नसेल. ही दोन वाक्ये म्हणून पाहा.

मी म्हशीची धार काढते.
मी म्हशीची धार काढत आहे.

पहिल्या वाक्याच्या आधी 'रोज' घाला. "रोज मी म्हशीची धार काढते." कानाला गोड लागते. आता दुसऱ्याच्या आधी 'रोज' घाला. "रोज मी म्हशीची धार काढत आहे." खडा लागल्यासारखे होते की नाही? तुमचा कानच तुमचा मास्तर आहे. मराठीत 'काढते' असेल तर इंग्रजीत 'आय मिल्क द बफेलो'. मराठीत 'काढत आहे' किंवा 'काढतेय' असेल तर 'आय ॲम मिल्किंग द बफेलो'.

मुलाने सकाळी फोन केला आणि आक्का गोठ्यात असल्या, तर त्या म्हणतील, "आय ॲम मिल्किंग द बफेलो. नंतर कर फोन." पण नातीने सगळ्या दिवसाचे विचारले, तर त्या म्हणतील, "आय मिल्क द बफेलो."

विचारण्यातही हाच फरक आहे. आपण फोनवर विचारतो, "काय करतेस?" बहुतेक वेळा आपल्याला 'आत्ता काय चालले आहे' असेच म्हणायचे असते. इंग्रजीत ते होईल, व्हॉट आर यू डूइंग? नात तसे म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, व्हॉट डू यू डू ऑल डे? म्हणजे तुझा रोजचा दिवस कसा असतो? पोरीला खरोखर आजीचा दिवस जाणून घ्यायचा होता.

त्या प्रश्नात 'डू' दोनदा आले आहे. मागचे डू म्हणजे करणे. पुढचे डू नुसते विचारण्यासाठी आहे. त्याचा अर्थ शोधत बसू नका. 'नाही' म्हणतानाही हेच डू येते. आय डू नॉट स्लीप इन द आफ्टरनून. मी दुपारी झोपत नाही. बोलताना 'डू नॉट' न म्हणता 'डोन्ट' म्हणतात.

कामांची नावे

आता आक्कांना विचारले, उठल्यावर काय करता? आक्का म्हणाल्या, "काय न्हाई, झाडलोट करती." पाहा, आक्कांच्याही तोंडी 'काय न्हाई' आलेच! वर्ग हसला. आक्काही हसल्या.

झाडणे म्हणजे स्वीप. आय स्वीप द यार्ड, मी अंगण झाडते. दूध डेअरीला घालणे म्हणजे आय टेक द मिल्क टू द डेअरी. पाणी आणणे म्हणजे आय ब्रिंग वॉटर. स्वयंपाक करणे म्हणजे कुक. धुणे आणि घासणे या दोहोंना वॉश हा एकच शब्द चालतो. आय वॉश द क्लोद्ज, मी कपडे धुते. आय वॉश द पॉट्स, मी भांडी घासते. जनावरांना वैरण घालणे म्हणजे फीड. लहान पोराला भरवणे म्हणजेही फीडच.

आक्का चार कामे सांगून थांबल्या. म्हणाल्या, "झालं की." तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अवो, आन् शेण कोण काढतं? चुलीला जळण कोण आणतं? भांगलायला कोण जातं?" मग दुसरीने आणखी दोन सांगितली. फळा भरला. एका बाजूचे पुसून पुन्हा लिहावे लागले. आपली कामे आपल्याला दिसत नाहीत. दुसऱ्याने मोजली म्हणजे दिसतात.

काही गोष्टींना इंग्रजीत शब्दच नाही. भाकरीला नाही. तिला ब्रेड म्हणू नका, ब्रेड म्हणजे पाव. सरळ भाकरीच म्हणावे. आय मेक भाकरी. नातीने विचारले, भाकरी म्हणजे काय, तर मोबाइलपुढे भाकरी धरावी. सड्यालाही शब्द नाही. तेथे साधे सांगावे, मी घरापुढे पाणी शिंपडते.

शब्द परका आहे म्हणून लाजू नका. बादली, चावी, बटाटा हे आपल्या घरातले शब्द पोर्तुगीज लोकांकडून आलेले आहेत. चहा हा शब्द मुळात चीन देशातला, आणि इंग्रजांचा 'टी' हाही चीन देशातलाच, फक्त दुसऱ्या भागातल्या बोलीतला. घेतलेला शब्द आपण रोज वापरतो आणि तो आपला होऊन जातो.

एक शब्द मात्र पाठच करा. तो म्हणजे हॅव. खाणे, पिणे, आंघोळ या सगळ्यांना तो चालतो. आय हॅव टी, मी चहा घेते. आय हॅव अ बाथ, मी आंघोळ करते. आय हॅव लंच, मी दुपारचे जेवते. रात्रीचे जेवण म्हणजे डिनर, सकाळची न्याहारी म्हणजे ब्रेकफास्ट. हॅव आला की निम्मा दिवस सांगून होतो.

घड्याळ

आक्का दूध घालायला साडेसहाला जातात. साडेसहा कसे सांगायचे?

येथे आपल्याला मोठा फायदा आहे. आपल्याकडे सव्वा, साडे आणि पावणे आहेत. इंग्रजीतही तशीच तीन नावे आहेत. सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट. साडे म्हणजे हाफ पास्ट. पावणे म्हणजे क्वार्टर टू. क्वार्टर म्हणजे पाव, हाफ म्हणजे अर्धा.

सव्वासहा, क्वार्टर पास्ट सिक्स.
साडेसहा, हाफ पास्ट सिक्स.
पावणेसात, क्वार्टर टू सेव्हन.

पावणेसातला आकडा साताचाच येतो, आपल्यासारखाच. फक्त दीड आणि अडीच यांना इंग्रजीत वेगळी नावे नाहीत. दीड वाजता म्हणजे ॲट हाफ पास्ट वन. अडीच वाजता म्हणजे ॲट हाफ पास्ट टू. त्यांना दीड आणि अडीच नाही याचे तात्यांना फार वाईट वाटले.

सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग. दुपारी म्हणजे इन द आफ्टरनून. संध्याकाळी म्हणजे इन द ईव्हनिंग. रात्री मात्र ॲट नाइट. तेथे 'इन' का नाही, असे विचारू नका. बोलायची रीतच तशी आहे. आणि गुड नाइट हे निरोप घेताना म्हणायचे असते. रात्री कोणी भेटले तर गुड ईव्हनिंग म्हणावे.

आक्कांनी एक शंका काढली. "मी पाचला उठती म्हणाले, तर पोरीच्या घड्याळात किती वाजल्यालं आसतील?" लंडनचे घड्याळ आपल्या मागे असते. हिवाळ्यात साडेपाच तास मागे. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते परत मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात साडेचार तासांचाच फरक राहतो. हिवाळ्यात आक्का पहाटे पाचला उठतात, तेव्हा लंडनला आदल्या दिवसाची रात्र असते, साडेअकराची. नात गाढ झोपलेली असते. रविवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला फोन येतो, तेव्हा तिकडे हिवाळ्यात दुपारचे दोन वाजलेले असतात.

आक्का म्हणाल्या, "म्हंजी ती झोपती तवा माझा दिस सुरू हुतो."

सरकारनेही हेच विचारले

नातीने जे विचारले तेच भारत सरकारनेही देशभर विचारले आहे. २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली. सरकारची माणसे घरोघर गेली. सहा वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला विचारले, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केले? अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब लिहून घेतला.

त्यात काय दिसले? स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी, अशी घरातली बिनपगारी कामे ज्या बाया करतात, त्यांचा दिवसाला सरासरी वेळ २०१९ साली २९९ मिनिटे होता. २०२४ साली तो २८९ मिनिटे भरला. म्हणजे पावणेपाच तासांहून थोडा जास्त. जे पुरुष अशी कामे करतात, त्यांचा वेळ २०१९ साली ९७ मिनिटे होता आणि २०२४ साली ८८ मिनिटे. दीड तासाला दोन मिनिटे कमी. मुलाबाळांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही. ते वेगळे मोजले आहे. रानातले कामही यात नाही.

मी हे वर्गात वाचून दाखवले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तात्या म्हणाले, "हे आकडं घरी नगा सांगू." आक्कांनी २८९ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

मग मी त्यांना एक वाक्य दिले. आय वर्क ॲट होम ॲण्ड ऑन द फार्म. मी घरी आणि शेतावर काम करते. आधीचे वाक्य होते, शी इज ॲट होम. ती घरी असते. दोन्हींत 'ॲट होम' आहे. 'इज' म्हणजे आहे, असते. 'वर्क' म्हणजे काम करते. एवढा एकच शब्द बदलायचा होता.

दुसऱ्याचा दिवस सांगताना

स्वतःचे सांगताना आय आणि मग काम. दुसऱ्या एका माणसाचे सांगताना काय होते ते पाहा. ती म्हणजे शी, तो म्हणजे ही.

मी स्वयंपाक करते, आय कुक. ती स्वयंपाक करते, शी कुक्स.
मी जाते, आय गो. तो जातो, ही गोज.
मी धुते, आय वॉश. ती धुते, शी वॉशेस.

शेवटी स किंवा ज असा बारीक आवाज येतो. एकटा माणूस असेल आणि तो मी किंवा तू नसेल, तरच हा आवाज लावायचा. आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त चुका येथे झाल्या. स विसरला तरी ऐकणाऱ्याला कळते. पण लावायची सवय करावी.

आणि 'यू' हा शब्द. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना इंग्रजीत यू. नात आजीला यू म्हणते, मास्तरांना यू म्हणते आणि मांजरालाही यू म्हणते. त्यात उद्धटपणा नाही. त्यांच्याकडे मान आवाजात ठेवतात आणि 'प्लीज' या शब्दात ठेवतात.

रविवार

आठव्या दिवशी रविवार आला. आक्कांनी वहीत सगळे लिहून घेतले होते. ते असे होते. तुम्हीही मोठ्याने वाचा.

आय गेट अप ॲट फाइव्ह. आय स्वीप द यार्ड. आय मिल्क द बफेलो. आय टेक द मिल्क टू द डेअरी ॲट हाफ पास्ट सिक्स. देन आय हॅव टी. आय मेक भाकरी फॉर एव्हरीवन. ॲट टेन आय गो टू द फार्म. आय वर्क टिल फाइव्ह. इन द ईव्हनिंग आय मिल्क द बफेलो अगेन. आय कुक. आय वॉश द पॉट्स. ॲट एट आय गो टू स्कूल. आय गो टू बेड ॲट टेन.

देन म्हणजे मग. टिल म्हणजे पर्यंत. अगेन म्हणजे पुन्हा. गो टू बेड म्हणजे झोपायला जाणे.

पुढचे आक्कांनी सोमवारी वर्गात सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"फोन आला. पोरगी दिसली. मी म्हणलं, तू इचारलं हुतंस ना, आता आइक. आन् वही धरून सुरू क्येलं. आधी आवाज कापला. मग म्हशीपसनं नीट चाललं. लेक मागं उभा हुता. मधी बोलला न्हाई. स्कूल म्हणलं तशी पोरगी वरडली, डॅडी, आजी गोज टू स्कूल! गुरुजी, तिनं गोज म्हणलं बगा. ज लावला तिनं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. आक्का म्हणाल्या, "थांबा, पुढं आइका. ती म्हणाली, आजी, व्हेन डू यू रेस्ट? रेस्ट काय ते मला येईना."

तुम्हीही अशा जागी अडाल. तेव्हा गप्प बसू नका. म्हणावे, प्लीज से इट अगेन. स्लोली. म्हणजे पुन्हा सांग, हळू सांग. आक्कांना हे वाक्य मी दिले होते. त्यांनी ते म्हटले. मग नातीने दोन्ही हात गालाखाली धरून डोळे मिटून दाखवले. रेस्ट म्हणजे विसावा. विसावा कधी घेतेस, असे तिने विचारले होते.

"मग काय सांगितलंत?" वहिनींनी विचारले.

"ॲट नाइट म्हणलं."

मग आक्कांनीच उलट विचारले, व्हॉट डू यू डू ऑल डे? नात इतकी भराभर बोलली की आक्कांना 'स्कूल' आणि 'बस' एवढेच कळले. तेव्हा पुन्हा म्हणाल्या, स्लोली. शेवटी मुलगा फोनजवळ आला. मराठीत म्हणाला, "आई, तू शाळेत जातेस हे मला सांगितलं नाहीस." आक्का म्हणाल्या, "तू इचारलंस कुठं?"

आता तुम्ही करा

वहीत आपला दिवस लिहा. आधी मराठीत लिहा. उठल्यापासून झोपेपर्यंत एकही काम गाळू नका. लिहून झाले की शेजारच्याला वाचून दाखवा आणि काय राहिले ते विचारा. मग त्यातली दहा कामे निवडून आय ने सुरू होणारी दहा वाक्ये करा. निदान तीन वाक्यांत वेळ घाला. त्यात एक सव्वा, एक साडे आणि एक पावणे असावा.

पुढील वाक्ये इंग्रजीत सांगा. मी पावणेसहाला उठतो. मी दुपारी झोपत नाही. ती भाकरी करते. तो दूध डेअरीला घालतो. मी आत्ता चहा घेत आहे.

नंतर घरातल्या एका माणसाला विचारा, दिवसभर काय करता? आईला, बायकोला, सुनेला, मुलाला, कोणालाही. ते सांगतील तसे लिहून घ्या. ती वाक्ये शी किंवा ही ने सुरू करा. शेवटचा स विसरू नका.